मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळ आणि आपले दायित्व

उन्माद, अपस्मार, अतत्त्वाभिनिवेश हे विकार आयुर्वेदास नवे नाहीत. चरकाचार्यांनी मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा व आचार या आठांच्या विभ्रमावरून उन्मादाचे निदान सांगितले आणि दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय व सत्त्वावजय अशी त्रिविध चिकित्सा दिली. चिकित्सेचा हा वारसा आपल्यापाशी आहे. परंतु मनोरुग्णास कोठे ठेवावे, कोणाच्या संमतीने ठेवावे आणि त्याची तक्रार कोणी ऐकावी, हे प्रश्न आज कायद्याच्या कक्षेत आले आहेत. या प्रश्नांचा निर्णय करणारी स्थानिक यंत्रणा म्हणजे मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळ. चंद्रपूर व गडचिरोलीतील वैद्यांना आणि औषधी विक्रेत्यांना या मंडळाचा परिचय असणे अगत्याचे आहे.

पार्श्वभूमी

आपल्या देशात 1912 चा वेडेपणाविषयक कायदा दीर्घकाळ चालला. त्याची जागा मानसिक आरोग्य अधिनियम, 1987 ने घेतली. या दोन्ही कायद्यांचा भर रुग्णाच्या हक्कांपेक्षा त्यास रुग्णालयात ठेवण्याच्या पद्धतीवर अधिक होता. 6 ऑगस्ट 2001 रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे एका आश्रयस्थानास आग लागली. साखळदंडांनी जखडलेले रुग्ण जागचे हलू शकले नाहीत आणि पंचवीसहून अधिक जीव होरपळून गेले. पुढे 2007 मध्ये भारताने दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारास मान्यता दिली. त्यास अनुसरून मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, 2017 संमत झाला व 29 मे 2018 पासून अमलात आला.

मंडळाची रचना व कार्य

राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरण जिल्ह्यासाठी किंवा जिल्ह्यांच्या गटासाठी मंडळ स्थापन करते. मंडळात सहा जण असतात. अध्यक्षस्थानी जिल्हा न्यायाधीश, त्या पदास पात्र न्यायिक अधिकारी किंवा निवृत्त जिल्हा न्यायाधीश असतो. जिल्हाधिकाऱ्यांचा एक प्रतिनिधी, एक मनोविकारतज्ज्ञ व एक वैद्यक व्यावसायिक हे पुढील तीन सदस्य होत. उर्वरित दोन जागा मनोरुग्ण, त्यांची शुश्रूषा करणारे किंवा त्यांच्यासाठी कार्य करणाऱ्या संस्थांचे प्रतिनिधी यांच्यासाठी आहेत. ज्याने आजार भोगला किंवा घरात सांभाळला, त्यास न्यायाधीशाच्या शेजारी आसन देणारी ही रचना आहे.

हे मंडळ केवळ सल्ला देणारे नाही. त्यास निर्णयाचा अधिकार आहे. रुग्णास त्याच्या इच्छेविरुद्ध दाखल केले असल्यास त्याविरुद्धचा अर्ज मंडळ ऐकते. रुग्णाचा नामनिर्देशित प्रतिनिधी नेमते किंवा बदलते. शहाणपणी लिहून ठेवलेल्या आगाऊ निर्देशपत्राचा, म्हणजे 'आजार बळावल्यास मला अमुक उपचार द्यावेत, अमुक देऊ नयेत' अशा लेखाचा, ते विचार करते. सेवेतील उणिवांच्या तक्रारींचाही निवाडा करते. अर्जास शुल्क नाही आणि रुग्णास मोफत विधी साहाय्य मिळण्याचा हक्क आहे. मंडळाचा निर्णय मान्य नसल्यास 30 दिवसांत उच्च न्यायालयात दाद मागता येते.

दाखल करणाऱ्या संस्थेवरही बंधन आहे. रुग्णास आधाराची मोठी गरज असल्यामुळे प्रतिनिधीच्या अर्जावरून त्यास दाखल केले, तर पुरुष रुग्णाची वर्दी सात दिवसांत आणि स्त्री किंवा अल्पवयीन रुग्णाची तीन दिवसांत मंडळास द्यावी लागते. असा प्रवेश प्रथमतः 30 दिवसांपुरताच असतो. रुग्णास आणून सोडले आणि वर्षानुवर्षे कोणी विचारले नाही, हा प्रकार थांबविण्यासाठीच ही तरतूद आहे.

वैद्याचे स्थान

या कायद्यात आपले स्थान नेमके कोणते, याविषयी पुष्कळ गैरसमज आढळतात. मनोविज्ञान व मानसरोग या विषयातील आयुर्वेद पदव्युत्तर पदवीधारकास कायद्याने 'मानसिक आरोग्य व्यावसायिक' मानले आहे. बी.ए.एम.एस. पदवीधारक त्या व्याख्येत येत नाही. तथापि राज्याच्या नोंदवहीत नाव असलेला वैद्य 'वैद्यक व्यावसायिक' या व्याख्येत समाविष्ट आहे. यातून तीन महत्त्वाच्या गोष्टी निष्पन्न होतात.

पहिली गोष्ट तपासणीची. वर सांगितलेल्या प्रवेशासाठी दोघांनी स्वतंत्रपणे रुग्ण तपासणे आवश्यक असते. त्यांपैकी एक मनोविकारतज्ज्ञ असावा लागतो. दुसरा वैद्यक व्यावसायिक असू शकतो. म्हणजेच आपली स्वाक्षरी एखाद्याचे स्वातंत्र्य हिरावू शकते. रुग्णास प्रत्यक्ष न पाहता, केवळ नातलगांच्या आग्रहावरून असा दाखला देणे हा रुग्णावर अन्याय होय. जमिनीच्या वाट्यावरून किंवा वैवाहिक कलहातून 'वेडा' ठरविण्याचा प्रयत्न होतो, हे ग्रामीण भागात व्यवसाय करणाऱ्यास सांगावयास नको.

दुसरी गोष्ट तातडीच्या उपचाराची. जीवितास किंवा गंभीर इजेस धोका असल्यास कोणताही नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिक तातडीचा उपचार करू शकतो. प्रतिनिधी उपलब्ध असल्यास त्याची संमती घ्यावी. हा उपचार 72 तासांपर्यंत किंवा मानसिक आरोग्य संस्थेत तपासणी होईपर्यंतच चालतो. मात्र आपल्या शास्त्राच्या कक्षेबाहेरील औषध सुचविण्यास कलम 106 ने मनाई केली आहे.

तिसरी गोष्ट नोंदणीची. मनोरुग्णांना तात्पुरते का होईना, ठेवून घेणारी संस्था आयुर्वेदाची असली तरी 'मानसिक आरोग्य संस्था' ठरते. शिरोधारेसाठी उन्मादाच्या रुग्णास आठवडाभर खोलीत ठेवून घेणाऱ्या पंचकर्म केंद्रचालकाने हे ध्यानी घ्यावे. नोंदणीविना संस्था चालविल्यास पहिल्या वेळी 5 हजार ते 50 हजार रुपये दंड आहे; पुढे तो 5 लाखांपर्यंत वाढतो. रुग्ण नातलगांसह राहतो ते घर मात्र यातून वगळले आहे.

आपल्या दोन जिल्ह्यांची परिस्थिती

विदर्भासाठीचे प्रादेशिक मनोरुग्णालय नागपुरात आहे. चंद्रपूरहून ते सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. सिरोंचा किंवा भामरागडच्या रुग्णास तर आधी गडचिरोली गाठावयासच दिवस जातो. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील प्रौढांपैकी 10.6 टक्के व्यक्तींना कोणता ना कोणता मनोविकार होता आणि विकारपरत्वे 70 ते 92 टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित होते. जेथे अंतर आणि दारिद्र्य दोन्ही अधिक, तेथे प्रथम पुजारी, मग वैद्य आणि सरतेशेवटी जिल्हा रुग्णालय असा क्रम लागल्यास नवल नाही.

पुजाऱ्यास शत्रू मानून रुग्ण आपल्याकडे येणार नाही. श्रद्धेचा आधार घेत रुग्ण औषधही घेत असेल, तर विरोधाचे कारण नाही. परंतु छळास मात्र थारा नको. ऑगस्ट 2021 मध्ये जिवती तालुक्यातील वणी खुर्द येथे भानामतीच्या संशयावरून वृद्ध स्त्री-पुरुषांना भर चौकात बांधून मारहाण झाली. भूत उतरविण्याच्या नावाखाली बांधणे वा मारणे हा महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. मनोरुग्णास कोणत्याही प्रकारे साखळीने जखडण्यास 2017 च्या कायद्याचीही स्पष्ट बंदी आहे. मनोरुग्णाचा छळ किंवा हेळसांड होत असल्याचे दिसल्यास पोलीस ठाण्यास कळविणे हे प्रत्येकाचे कर्तव्य ठरविले आहे. बेवारस फिरणाऱ्या रुग्णास पोलिसांनी 24 तासांच्या आत नजीकच्या शासकीय आरोग्य संस्थेत न्यावयाचे असते. त्यास कोठडीत ठेवता येत नाही.

तथापि गोठ्यात मुलाला बांधून ठेवणारा बाप बहुधा क्रूर नसतो. तो हतबल असतो. त्याच्यावर डाफरण्यापेक्षा दाखल करण्याचा मार्ग, मोफत उपचाराचा हक्क आणि मंडळाकडे दाद मागण्याची सोय त्यास समजावून सांगणे अधिक हितावह आहे.

औषधी विक्रेत्यांसाठी

स्मृतिसागर रसात पारद, हरताळ व मनःशिला असल्यामुळे तो वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावयाच्या औषधांत मोडतो. चिठ्ठीवाचून तो देऊ नये. सर्पगंधेचा उन्मादातील उपयोग 1931 मध्ये गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी प्रसिद्ध केला. परंतु तिने रक्तदाब उतरतो व विषण्णता वाढू शकते. निराश किंवा आत्मघाताचे विचार बोलून दाखविणाऱ्या रुग्णास ती देऊ नये. लिथियम घेणाऱ्या रुग्णास वमन-विरेचन किंवा तीव्र मूत्रल औषधे दिल्यास शरीरातील पाणी व मीठ घटून लिथियमची रक्तातील मात्रा विषारी पातळीस पोहोचू शकते. वेड, अपस्मार व मेंदूचे विकार बरे करण्याच्या जाहिरातींस 1954 च्या कायद्याने बंदी आहे. तशी पाटी दुकानात लावू नये.

सारांश

प्रत्येक वैद्याने आपल्या चिकित्सालयात पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात:

1. चालू असलेली आधुनिक मानसोपचाराची औषधे आपल्या शब्दावर अचानक बंद करू नयेत.
2. आत्मघाताचा प्रयत्न केलेल्या रुग्णास गुन्हेगार समजू नये. कायद्याने त्यास तीव्र ताणाखालील व्यक्ती मानले आहे.
3. जिल्हा रुग्णालयातील मानसिक आरोग्य विभागाचा व आपल्या भागाच्या मंडळाचा पत्ता दर्शनी भागी लावावा. टेलि-मानसचा 14416 हा क्रमांकही त्यासोबत असावा.
4. पाहिलेली लक्षणे, दिलेला सल्ला व कोणी संमती दिली, यांची दिनांकासह नोंद ठेवावी.

मंडळ कितीही सक्षम असले तरी त्याच्यापर्यंत अर्ज पोहोचल्यावाचून ते काही करू शकत नाही. कोरची वा एटापल्लीच्या रुग्णास मंडळ ठाऊक नसते. त्यास त्याचा वैद्य ठाऊक असतो. त्या वैद्याने योग्य वेळी उच्चारलेला एक शब्द रुग्णाची साखळी सोडवू शकतो. सत्त्वावजयाचा आरंभ रुग्णाचे मनुष्यपण मान्य करण्यापासून होतो, हे आपण विसरू नये.