दुसरे नाव

वडोदऱ्याच्या जुन्या शहरात मांडवीखाली क्षणभर उभे राहावे आणि चहूकडे पाहावे. एका वाटेने लहेरीपुरा दरवाजा, दुसरीने पाणीगेट, तिसरीने चांपानेर दरवाजा व चौथीने गेंडीगेट. चारही दिशांचे लोक या कमानींखालून जातात. कोण कोठला, हे येथे कोणी विचारीत नाही. तरी याच मांडवीजवळच्या एका घरात, एका संध्याकाळी, आम्ही एक लहानसा अन्याय केला. त्याची ही कथा आहे. वाचकहो, अन्याय लहान होता, म्हणूनच तो सांगण्यासारखा आहे. मोठ्या अन्यायाची लाज सर्वांस वाटते. लहानाकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही.

ते वर्ष २००७. आम्ही त्या काळी नवदीक्षित होतो. मांडवीजवळ राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाकडे आमचे जाणे-येणे असे. डिसेंबरच्या १५ तारखेस, शनिवारी, त्या घरी मोठी गडबड होती. इंडोनेशियाची राजधानी जकार्ता येथे ‘एशियन आयडॉल’ ही गायनस्पर्धा भरली होती व ती दूरचित्रवाणीवर दिसत होती. भारत, इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपिन्स, सिंगापूर व व्हिएतनाम या सहा देशांनी आपापल्या राष्ट्रीय स्पर्धेचा एकेक विजेता धाडला होता. भारताच्या वतीने उभा होता अभिजीत सावंत, मुंबईचा मराठी तरुण. २००५ च्या मार्च महिन्यात ‘इंडियन आयडॉल’चा पहिला मान त्याने मिळविला होता. तेव्हा त्या घरच्या आजींस तो आपल्याच नात्यातला वाटावा, यात नवल ते काय!

गाणी संपली आणि मते धाडण्याची वेळ आली. या स्पर्धेचा नियम मात्र निराळा होता. प्रत्येक मतात दोन नावे घालावी लागत. एकच नाव लिहिले, तर मत बाद. पहिले नाव कोणाचे, हा प्रश्नच नव्हता. घरधन्यांनी भ्रमणध्वनी हाती घेऊन आम्हांस विचारले, “फादर, दुसरे कोणाचे घालू?”

आम्ही क्षणाचाही विचार न करता उत्तरलो, “जो जिंकण्याचा मुळीच संभव नाही, त्याचे घाला. म्हणजे आपल्या अभिजीतला धोका नको.”

सारे हसले. आमच्या चातुर्याची वाहवा झाली. कोपऱ्यात बसलेली त्या घरची अकरा वर्षांची मुलगी तेवढी हसली नाही. ती म्हणाली, “पण फादर, त्या मलेशियाच्या ताईचं गाणं किती सुंदर झालं! तुम्ही ऐकलंच नाही. तुम्ही तेव्हा बाबांशी बोलत होता.”

ती खरे बोलत होती. अभिजीतचे गाणे आम्ही कान देऊन ऐकले होते; इतर पाच जण गात असताना चहा आणि गप्पा चालू होत्या. जे ऐकलेच नाही, त्यावर आम्ही मत देत होतो, आणि तेही लबाडीने. आम्ही काहीतरी बोलून वेळ मारून नेली.

दुसऱ्या दिवशी, आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी, निकाल लागला. विजयी झाला सिंगापूरचा हॅडी मिर्झा! ज्या देशाची लोकसंख्या तेव्हा अर्ध्या कोटीहूनही कमी, त्याचा गायक जिंकला. आणि शंभर कोटींहून अधिक माणसांच्या देशाचा गायक मागे राहिला. त्या घरी बराच वेळ कोणी बोलले नाही. “एवढा मोठा देश, आणि असं कसं झालं?” आजी पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

आमचा तर्क असा की, याचे उत्तर दुसऱ्या नावात होते. पहिले नाव जो तो आपल्याच माणसाचे लिहिणार. तेथे सारे सारखेच. मग निवाडा उरतो तो शेजाऱ्याच्या मनावर. हॅडी मिर्झा मलायी वंशाचा. मलेशिया व इंडोनेशिया येथील कित्येक घरांत आपल्या गायकानंतर त्याचे नाव सहज सुचले असावे. आपल्यांचे प्रेम सर्वांच्याच पदरी होते; परक्यांचे प्रेम ज्यास अधिक लाभले, तो जिंकला.

हा प्रश्न आशियापुरता नाही. युरोपात ‘युरोव्हिजन’ ही गीतस्पर्धा १९५६ साली स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे सुरू झाली. महायुद्ध संपून अवघी अकरा वर्षे झाली होती. सात देश आले, प्रत्येकाने दोन गीते सादर केली. त्या पहिल्या वर्षी परीक्षकांस स्वतःच्या देशालाही मत देण्याची मोकळीक होती. मतदान गुप्त राहिले. यजमान देशाची लीस आसिया विजयी झाली, एवढेच जाहीर झाले. पुढच्याच वर्षी नियम बदलला व स्वदेशाला मत देण्यास बंदी झाली. पुढे घरोघरचे प्रेक्षक मत देऊ लागले. तेव्हा शेजारी देश एकमेकांस गुण वाटून घेतात, अशी कुरकुर सुरू झाली, ती आजही ऐकू येते. नियमाने हात बांधता येतात, कान उघडता येत नाहीत, हेच खरे.

दोन्ही नियम ताडून पाहता आम्हांस जकार्त्याचा अधिक माणुसकीचा वाटतो. युरोपचा नियम म्हणतो, आपल्या माणसास विसर. जकार्त्याचा म्हणतो, आपल्या माणसास खुशाल आठव, पण तेथेच थांबू नकोस. शेजाऱ्यावर प्रीती करावयास सांगणाऱ्या शुभवर्तमानानेही स्वतःवरची प्रीती टाकून दे असे म्हटलेले नाही. तिलाच माप मानले आहे.

आणि हे शिकण्यास वडोदरेकरांनी जकार्त्यास जाण्याचे कारणच काय? गुजराती मुलखातील या नगरीवर मराठी गायकवाडांचे राज्य होते. त्यांच्याच आश्रयाने १८८६ साली मौलाबक्ष यांनी येथे गायनशाळा काढली. तीच वाढत जाऊन आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची संगीत-नाट्य शाखा झाली आहे. १९१६ साली पंडित भातखंडे यांच्या खटपटीने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, ती याच गावी. आग्रा घराण्याचे उस्ताद फैयाजखाँ दरबारचे गायक झाले आणि १९५० साली त्यांनी देह ठेवला तोही येथेच. कोणी उत्तरेचा, कोणी मुंबईचा; कोणाची भाषा निराळी, कोणाचा धर्म निराळा. सयाजीरावांनी आधी गाणे ऐकले. या नगरीने दुसरे नाव मनापासून लिहिले, म्हणून तिचे स्वतःचे नाव झाले.

गेल्या नाताळात आमच्या धर्मग्रामात गीतस्पर्धा झाली. दरवर्षी निकालानंतर रुसवेफुगवे ठरलेले. एक वृंद तर दोन वर्षे गाण्यासच आला नव्हता. यंदा आम्ही नियम केला की, प्रत्येक कुटुंबाने चिठ्ठीवर दोन नावे लिहावी. पहिले हवे तर आपल्या वृंदाचे. दुसरे दुसऱ्याचे, व ते का, हे एका ओळीत.

सर्वच साधले असे नाही. काही चिठ्ठ्यांत आमचीच जुनी युक्ती दिसली व आम्ही मनातल्या मनात वरमलो. काहींनी कारणाची ओळ कोरीच ठेवली. पण एका वृद्ध मराठी बाईंनी गुजराती वृंदाचे नाव लिहून खाली वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिले होते : “शब्द सगळे कळले नाहीत. पण बाळ निजलं असेल असं वाटलं.”

ती चिठ्ठी आम्ही त्या वृंदाच्या प्रमुखांस वाचून दाखविली. ते गृहस्थ काही बोलले नाहीत. चिठ्ठी मागून घेतली व घडी घालून खिशात ठेवली. पहिले बक्षीस त्यांस मिळाले नव्हते; त्याविषयी त्यांनी विचारलेही नाही.

मांडवीच्या घरातील ती मुलगी आता मोठी झाली आहे. तिच्या त्या प्रश्नाचे उत्तर आम्ही अद्याप दिलेले नाही. वाचकहो, पुन्हा केव्हा स्पर्धा लागेल, आपल्या घरी मंडळी जमतील, आपला गायक गाऊन जाईल व चहाचे कप पुढे येतील. तेव्हा एवढेच करावे : चहा थोडा थांबवावा. पुढचा गात आहे.