ध्वनिवर्धक : वाक्याचे शेवटचे अक्षर

विजेच्या शास्त्रावर बोलण्याचा आमचा अधिकार काय, असा प्रश्न श्रोत्यांपैकी कोणी मनात आणला असेल तर तो रास्तच आहे. आमचे शालेय शिक्षण आठवीपाशी थांबले. पुढचे जे काही आहे ते पाळीवरून सुटल्यावर, युनियनच्या कचेरीतल्या एका दिव्याखाली, जुन्या बाजारातून आणलेल्या पुस्तकांवरून जमवलेले आहे. परंतु ध्वनिवर्धकाशी आमचा संबंध मात्र जुना. ज्याचा धंदाच चारशे माणसांपुढे उभे राहून बोलण्याचा, त्याला कर्णा आणि माईक ही सुताराच्या पटाशीसारखी हत्यारे होत. आणि हत्यार न ओळखता वापरले की काय होते, हे आम्ही एकदा पुरते भोगले आहे. त्या प्रसंगापासूनच सुरुवात करतो.

२००४ सालची गोष्ट. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्याच्या दारावर सभा होती. वाटाघाटी चालू होत्या, हवा तापलेली होती, आणि आम्हांला कामगारांना एकच गोष्ट सांगायची होती : बोलणी संपेपर्यंत काम बंद करू नका. भाड्याने आणलेला ॲम्प्लिफायर रिक्षाच्या टपावर, कर्णा विजेच्या खांबाला. बोलायला लागलो तोच कर्ण्याने शिट्टी मारली. शिट्टी थांबावी म्हणून आम्ही आवाजाचे बटण पाव भागावर आणले आणि भाषण पुरे केले. पुढच्या रांगांनी माना डोलावल्या. मागच्या रांगांपर्यंत पोचले ते एवढेच : “काम बंद करू —”. पुढचे “नका” कर्ण्यातच राहिले. मागे दोन खात्यांची माणसे उभी होती. ती थेट घरी गेली.

त्या वेळी लागू असलेल्या १९३६ च्या वेतनविषयक कायद्यात एक तरतूद होती. दहा किंवा अधिक कामगार संगनमताने, नोटीस न देता आणि सबळ कारणावाचून गैरहजर राहिले, तर करारात तशी अट असल्यास आठ दिवसांपर्यंतचा पगार कापता येई. मालकाने तो कापला. दुसऱ्या दिवशी एक वयस्क कामगार आम्हांला म्हणाला, “भाऊ, तुम्हीच सांगितलंत ना, काम बंद करू?” त्याला उत्तर द्यायला आमच्यापाशी तोंड नव्हते.

दोष आमच्या घशाचा की यंत्राचा, याचा छडा पुढे लागला तो एका तंत्रनिकेतनातल्या मुलांमुळे. आमच्याच एका सभासदाची मुलगी तेथे इलेक्ट्रॉनिक्स शिकत होती. तिला आणि तिच्या तिघा सोबत्यांना वर्षाचा प्रकल्प म्हणून लहानसा ध्वनिवर्धक बांधायचा होता. आम्ही तोच भाड्याचा ॲम्प्लिफायर मालकाकडून मागून आणून त्यांच्या टेबलावर ठेवला आणि म्हटले, आधी हा का मुका झाला ते सांगा.

आता ध्वनिवर्धक करतो काय, ते थोडक्यात पाहू. माईकसमोर माणूस बोलला की त्यातून एक-दोन मिलिव्होल्ट, म्हणजे व्होल्टच्या हजाराव्या हिश्शाएवढा विजेचा लहरता दाब निघतो. कर्ण्याचा पडदा हलवायला हवेत कित्येक व्होल्ट, आणि त्याबरोबर अँपिअरच्या मापाचा प्रवाह. ही शक्ती माईक देत नाही, ती येते भिंतीतल्या विजेतून किंवा बॅटरीतून. माईकची लहर फक्त नळाच्या चावीसारखी तो प्रवाह कमीजास्त सोडते. ‘आवाज वाढवणे’ हा शब्दप्रयोग तसा फसवा आहे. मूळ आवाज तेवढाच राहतो, त्याच्या हुकमावरून दुसरीच शक्ती राबते. (शक्ती एकाची आणि हुकूम दुसऱ्याचा, हे दृश्य आमच्या परिचयाचे आहे, पण तो विषय आजचा नव्हे.)

ही चावी माणसाला सापडली त्याला फार दिवस झाले नाहीत. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हा वक्त्याची छाती हाच ध्वनिवर्धक होता. ली डी फॉरेस्टचा तीन टोकांचा दिवा १९०६ चा. अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन १९१९ च्या सप्टेंबरात सॅन डिएगो येथे विजेच्या कर्ण्यातून बोलले आणि हजारोंच्या समुदायाने ते ऐकले. १९४७ च्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला, आणि काचेच्या तापत्या दिव्याचे काम नखाएवढा तुकडा करू लागला.

मुख्य गोष्ट आहे ती ध्वनिवर्धकाच्या शेवटच्या टप्प्याची, जेथे खरा जोर लागतो तेथली. आवाजाची लहर शून्याच्या वर जाते, खाली येते, पुन्हा वर जाते. एकच ट्रान्झिस्टर दोन्ही बाजू सांभाळणार म्हटले, तर त्याला कोणी बोलत नसतानाही अर्धा प्रवाह वाहत ठेवून सदैव तयार राहावे लागते. वीज फुकट जळते, यंत्र तापते. म्हणून जोडी घेतात : एक वरची बाजू ढकलतो, दुसरा खालची ओढतो. मुलांनी बीडी १३९ आणि बीडी १४० ही जोडी घेतली. एकाची पाळी संपली की दुसऱ्याची सुरू. वीज वाचते.

पण पाळी बदलताना काय होते, ते गिरणीत काम केलेल्यांना सांगायला नको. पहिल्या पाळीचा माणूस भोंगा होताच निघाला आणि दुसऱ्या पाळीचा अजून दारात हजेरी लावतो आहे, तर मधली मिनिटे साचा कोणाच्याच हातात नसतो. ट्रान्झिस्टरचे नेमके तसेच आहे. सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर सुमारे ०.६ व्होल्ट दाब मिळेपर्यंत जागाच होत नाही. म्हणजे शून्याच्या वर ०.६ आणि खाली ०.६ अशी एक मुकी पट्टी तयार होते. मोठा आवाज तिच्यातून उडी मारून जातो, त्याच्या अंगावर फक्त ओरखडा उठतो. बारीक आवाज मात्र त्या पट्टीतच बुडतो.

यावर उपाय सोपा आहे. दोघांच्या मध्ये दोन डायोड घालून त्यांना आधीच थोडा दाब देऊन ठेवायचा, म्हणजे दोघेही अर्धे जागे राहतात. पुढच्या पाळीचा माणूस पाच मिनिटे आधी साच्यापाशी येऊन उभा राहतो म्हणा ना. थोडा प्रवाह नेहमी वाहतो, यंत्र किंचित कोमट राहते. ती ऊब हे यंत्राचे दुखणे नव्हे.

मुलांनी भाड्याचे यंत्र उघडले आणि त्या मुलीने चिमट्याच्या टोकाने एक जागा दाखवली. “काका, हे बघा. इथं कुणीतरी तार टाकलीय.” पूर्वी कोण्या दुरुस्तीवाल्याकडे ‘फार तापते’ म्हणून तक्रार गेली असावी. त्याने त्या डायोडांवर आडवी तार डाखून टाकली होती. यंत्र थंड झाले, गिऱ्हाईक खूश झाले. त्या यंत्रात ट्रान्झिस्टर दोन-दोन एकामागे एक होते, त्यामुळे मुकी पट्टीही दुप्पट, वर-खाली १.२ व्होल्टची. बटण पूर्ण वर असते तर इतके बिघडले नसते. आम्ही ते पाव भागावर आणले, आणि माणूस वाक्याच्या शेवटी आवाज खाली टाकतो. त्यात मराठीची रचना अशी की नकार येतो तोच शेवटी : करू नका, जाऊ नका, देणार नाही. समोर रस्त्यावर ट्रक होते, वारा होता, हेही खरे. सगळा दोष एका तारेवर ढकलणार नाही. पण ती तार काढली, डायोड बदलले आणि तेच वाक्य हळू आवाजात म्हटले, तेव्हा ‘नका’ स्वच्छ ऐकू आले.

यानंतर मुलांनी आपला स्वतःचा ध्वनिवर्धक बांधला. सुट्या ट्रान्झिस्टरांवर पाळीबदलाचा हा दोष कानांनी ऐकून झाल्यावर त्यांनी टीडीए २०३० ही पाच पायांची आयसी घेतली. हीच जोडी, तेच अर्धे जागेपण आणि अति तापल्यास काम थांबवणारी व्यवस्था तिच्या पोटात बसवलेली असते. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर ती चहा-वड्याच्या पैशांत मिळते. मात्र नकली माल पुष्कळ, म्हणून दोन जास्त घ्याव्या.

पहिला पाय आवाज आत घेण्याचा, दुसरा मागून आलेली खबर घेण्याचा, तिसरा ऋण, चौथा कर्ण्याकडे, पाचवा धन. ट्रान्सफॉर्मर त्यांनी ९-०-९ व्होल्टचा घेतला. १२-०-१२ घेण्याचा मोह एकाला झाला होता, पण या आयसीची मर्यादा धन-ऋण १८ व्होल्टची. तो ट्रान्सफॉर्मर भार नसताना आणि लाइनचा दाब चढलेला असताना ती मर्यादा ओलांडू शकतो. ९ व्होल्टचे शिखर सुमारे १२.७, त्यातून डायोडचे वजा जाता १२ उरतात. आयसीला स्वतःला थोडे लागते, म्हणून कर्ण्याला मिळतात जास्तीत जास्त १० व्होल्ट. ८ ओहमच्या कर्ण्यावर याचे होतात सुमारे ६ वॅट.

दुसऱ्या पायाची गोष्ट थोडी सविस्तर सांगण्याजोगी आहे. कर्ण्याकडे जाणाऱ्या आवाजाचा एक लहान हिस्सा २२ किलोओहम आणि ६८० ओहम या दोन रोधकांतून वाटून परत आत आणतात. यंत्र मूळ लहर आणि ही खबर ताडून पाहते आणि फरक दुरुस्त करते. २२,००० भागिले ६८०, अधिक एक : सुमारे ३३ पट वाढ. ही युक्ती हॅरोल्ड ब्लॅक या इंजिनिअरला २ ऑगस्ट १९२७ रोजी कामावर जाताना हडसन नदीच्या तरीवर सुचली, आणि त्याने ती हातातल्या वर्तमानपत्राच्या पानावरच मांडली. पेटंट मिळायला १९३७ साल उजाडले; वाढ मुद्दाम कमी करून यंत्र सुधारते, हे प्रथम कोणाला खरेच वाटेना. आम्हांला ते चटकन पटले. सभेत मध्येच थांबून “मागे ऐकू येतंय का?” असे विचारणारा वक्ता हेच करीत असतो. २००४ साली आम्ही ते विचारले नव्हते.

३३ पटीने माईकचे दोन मिलिव्होल्ट ६६ होतात, त्याने काही भागत नाही. म्हणून आधी सुमारे दीडशे पट वाढवणारा एक लहान टप्पा लागतो. आणखी एक खुबी. कर्ण्याला खर्जाचा आवाज सोसत नाही आणि बोलणे कळायला त्याची फारशी गरजही नाही. टेलिफोन ३०० ते ३४०० हर्ट्झवरच चालत आला. म्हणून आत येणाऱ्या आवाजाच्या वाटेवर १ मायक्रोफॅरडऐवजी ०.०२२ चा कंडेन्सर ठेवला. समोरच्या २२ किलोओहमबरोबर तो ३३० हर्ट्झच्या खालचे अडवतो. वाऱ्याची घरघरही त्यातच गळते.

सहा वॅट ऐकून मंडपवाले हसतील. पण हिशेब असा : चांगला कर्णा १ वॅटला १ मीटरवर सुमारे १०५ डेसिबल देतो, साधा कागदी स्पीकर ९० च्या आसपास. सहा वॅटचे आणखी ८ मिळवा, ११३ झाले. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की ६ उतरतात. ३२ मीटरवर, म्हणजे पाच दुपटींनंतर, ८३ उरतात. रस्त्याच्या गोंगाटात दारसभेला तेवढे पुरते. मात्र कर्णा माईकच्या पुढे, तोंड पलीकडे करून बांधावा. मागे बांधला की शिट्टी ठरलेली. आणि पोलिसांची लेखी परवानगी घ्यावी; २००० सालच्या नियमांची गाठ पडल्यावर ती सांगण्यापेक्षा आधी खिशात असलेली बरी.

जोडणीत मुलांच्या हातून दोन चुका झाल्या. आयसीच्या पाठीचा पत्रा आतून ऋण टोकाला जोडलेला असतो. तो अभ्रकाच्या चकतीशिवाय ॲल्युमिनियमच्या पंख्यावर बसवला, आणि पंखा पेटीला टेकला. पूर्ण आवाजात तीन-चार वॅट उष्णता निघते, म्हणून पंखा हवाच, पण मध्ये अभ्रकही हवा. दुसरी चूक, एक २२०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर उलटा. दोन्ही वेळा वाचवले ते सिरीजच्या दिव्याने. प्रथम वीज देताना लाइनमध्ये ६० वॅटचा दिवा ओळीने जोडायचा. तो भकभकून पेटला की आत घोटाळा आहे असे समजून बटण बंद. दिवा जुना, तारेचाच पाहिजे, एलईडीने हे काम होत नाही. म्हणून आम्ही घरातले दोन जुने दिवे कपाटात जपून ठेवले आहेत. घरची माणसे हसतात. २३० व्होल्टच्या बाजूला हात घालताना शिक्षक जवळ असावा आणि पेटीला अर्थ असावी, एवढे सांगून पुढे जातो.

यंत्र तयार झाल्यावर परीक्षा कशी घ्यायची, हे त्या मुलीने ठरवले. गाणे लावून बघायचे नाही, असे तिने पहिल्यांदाच बजावले. दहा वाक्ये कागदावर लिहिली, काही ‘करा’ची, काही ‘करू नका’ची, उलटसुलट. ती तंत्रनिकेतनाच्या दारात माईकपाशी, आम्ही ३२ मीटर मोजून रस्त्यापलीकडे पानाच्या टपरीपाशी, हातात पेन्सिल. तिने प्रत्येक वाक्य मुद्दाम शेवटी आवाज टाकून म्हटले, आम्ही ऐकले तसे उतरवले, आणि मग दोन्ही कागद शेजारी ठेवले. नऊ जुळली. दहाव्याच्या वेळी मधून पाण्याचा टँकर गेला होता, तेव्हा ते सोडून द्यावे असे आमचे मत पडले. “टँकर सभेच्या वेळी पण येणारच ना, काका,” ती म्हणाली, आणि बटण थोडे वर करून आम्हांला पुन्हा टपरीकडे पाठवले.