पत्र्याला छेडू नका!

जुन्या घराचं रिनोव्हेशन काढताय? टाइल्स, मॉड्युलर किचन आणि वॉल पेपर नंतर. आधी एकदा मान वर करून बघा!

होम लोन मंजूर झालंय. लोकेशन मस्त, स्टेशन दहा मिनिटांवर. बिल्डिंग १९७५ ची आहे, पण 'आतून सगळं नवं करून घेऊ' असं तुमचं ठरलंय. इंटिरिअरवाल्याच्या लॅपटॉपवर फॉल्स सीलिंगपासून बाल्कनी गार्डनपर्यंत सगळं झक्कास दिसतंय. त्यात एक गोष्ट मात्र कुठेच नसते. खिडकीवरची करडी वेदर शेड, गच्चीवरचा नागमोडी पत्रा आणि मागच्या भिंतीवरून खाली आलेला पावसाच्या पाण्याचा जाडजूड पाइप. हे तोडून टाकायचं, एवढंच सगळ्यांना माहीत असतं. कसं तोडायचं, हा प्रश्न कुणालाच पडत नाही. आणि खरी गडबड तिथेच होते.

एसी म्हणजे एअर कंडिशनर नव्हे!

आपण ज्याला सरसकट 'सिमेंटचा पत्रा' म्हणतो, तो दुकानदाराच्या भाषेत 'एसी शीट'. म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंट. अ‍ॅस्बेस्टॉस हे तंतुमय खनिज. ते जळत नाही, गंजत नाही, वर स्वस्त. सिमेंटमध्ये साधारण ८ ते १० टक्के तंतू मिसळले की पातळ पण दणकट पत्रा तयार. मुंबईत मुलुंडला १९३० च्या दशकातच अशा पत्र्यांचा कारखाना उभा राहिला. पुढे चाळी, गोडाऊन, शाळा, रेल्वेच्या शेड, सोसायटीचे पार्किंग, सगळीकडे हाच पत्रा चढला. शाळेच्या लॅबमध्ये बर्नरवर ठेवायची ती तारेची जाळी आठवतेय? जुन्या जाळ्यांवर मधोमध जो पांढरा गोल असायचा, तोही बहुतेकदा अ‍ॅस्बेस्टॉसचाच!

जुन्या घरांत पत्रा, वेदर शेड, सांडपाण्याचे पाइप, पाण्याच्या टाक्या, फ्यूज बोर्डामागची पाटी अशा ठिकाणी तो सापडू शकतो. पण 'जुनं म्हणजे धोका, नवं म्हणजे सेफ' हे गणित आपल्याकडे चालत नाही. ब्रिटनने १९९९ मध्ये, ऑस्ट्रेलियाने २००३ च्या अखेरीस आणि संपूर्ण युरोपियन युनियनने २००५ मध्ये त्यावर बंदी घातली. अमेरिकेने पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदीचा नियम काढला तो २०२४ मध्ये. भारतात मात्र पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे आजही कायदेशीररीत्या बनतात आणि विकले जातात. कच्चा माल बाहेरून येतो. म्हणजे गेल्या वर्षी बसवलेली शेडसुद्धा त्यातलीच असू शकते.

मग एवढं घाबरण्यासारखं काय?

शांतपणे छतावर बसलेला, धडधाकट पत्रा तुमचं फारसं काही बिघडवत नाही. त्यातले तंतू सिमेंटमध्ये घट्ट अडकलेले असतात. तो कापला, फोडला, घासला किंवा त्याला ड्रिल मारलं, की ते हवेत सुटतात. केसापेक्षा कितीतरी पटींनी बारीक. दिसत नाहीत, वास येत नाही, खोकलाही येत नाही. श्वासाबरोबर आत गेले की फुप्फुसात रुतून बसतात आणि शरीराला ते नीट बाहेर काढता येत नाहीत.

त्यातून होणारे आजार म्हणजे फुप्फुसं कडक करणारा अ‍ॅस्बेस्टॉसिस, फुप्फुसाचा कॅन्सर आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा नावाचा कॅन्सर. पांढरा, तपकिरी, निळा, सगळ्याच प्रकारच्या अ‍ॅस्बेस्टॉसने कॅन्सर होतो, असं जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते. सिगरेट ओढणाऱ्यांसाठी फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका आणखी कितीतरी वाढतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, हे आजार वर यायला अनेकदा वीस ते चाळीस वर्षं लागतात. तिशीतलं रिनोव्हेशन आणि साठीतला खोकला यांचा संबंध तेव्हा कोण लावणार?

पण पॅनिक होऊ नका. धोका किती तंतू आणि किती काळ श्वासात गेले, यावर वाढतो. कधीतरी एकदा पत्र्याला भोक पाडलं म्हणजे सगळं संपलं असं नाही. खरा धोका आहे तो रोज हेच काम करणाऱ्या प्लंबर, फॅब्रिकेटर आणि नाक्यावरून आणलेल्या मजुराला. तो पत्रा हातोड्याने फोडतो, तोंडाला फार तर रुमाल बांधतो आणि तेच कपडे घालून घरी जातो. असे कपडे धुणाऱ्या बायकांना आजार झाल्याच्या नोंदी जगभर आहेत. तुमच्या दोन दिवसांच्या कामात तो माणूसही आहे, हे विसरू नका.

आधी ओळखा, मग ठरवा

नुसतं बघून पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस आहे की नाही, हे कुणीच खात्रीने सांगू शकत नाही. तुमचा कॉन्ट्रॅक्टर 'पंचवीस वर्षं हेच करतोय' म्हणाला तरी नाही! जुनं बिल, पत्र्यावरचा शिक्का किंवा सोसायटीची फाइल मिळाली तर बघा. नाहीतर मान्यताप्राप्त लॅबमध्ये तुकडा तपासून घ्या. तुकडा कसा काढायचा, हे लॅबलाच आधी विचारा. टेस्ट करायची नसेल, तर अ‍ॅस्बेस्टॉस आहे असं धरूनच वागा.

पत्रा धडधाकट असेल, तर त्याला आहे तिथेच राहू द्या. वरून सीलर किंवा रंगाचा हात देता येतो, पण आधी घासायचं नाही! पत्रा तडकलाय, कडा भुगा होऊन गळतायत, पन्हाळीत करडा गाळ साठतोय, असं असेल तर मात्र बदलायची वेळ झाली.

कॉन्ट्रॅक्टरला देण्याची यादी

• ग्राइंडर, करवत, ड्रिल, हातोडा बंद. नटबोल्ट सोडवून किंवा कापून पत्रा अख्खा उतरवायचा. वरून खाली फेकायचा नाही.

• काम सुरू करण्याआधी आणि चालू असताना पत्र्यावर पाण्याचा बारीक फवारा. थोडा लिक्विड सोप घातला तर पाणी चांगलं मुरतं.

• शेवाळ काढायला जेट स्प्रे नको. मे महिन्यात गच्चीवर हाच उद्योग सर्वात जास्त चालतो!

• रुमाल, कापडी किंवा सर्जिकल मास्क उपयोगाचा नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा, एफएफपी३ किंवा पी१०० दर्जाचा मास्क हवा. त्याचे पैसे तुम्ही द्या.

• खिडक्या बंद, मुलं आणि आजी-आजोबा दुसरीकडे. शेजाऱ्यांनाही आधी सांगा.

• नंतर कोरडा झाडू नाही, घरातला व्हॅक्यूम क्लीनरही नाही. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकी कचऱ्याबरोबरच बांधून टाका.

• पत्रे जाड प्लॅस्टिकमध्ये दोनदा गुंडाळून, वर 'अ‍ॅस्बेस्टॉस' असं ठळक लिहा.

आणि हो, ठिसूळ पत्र्यावर पाय देऊन चढू नका. कॅन्सरला वीस वर्षं लागतात, पत्र्यातून खाली पडायला एक सेकंद!

काढलेला पत्रा जातो कुठे?

बहुतेकदा खाडीच्या कडेला, डेब्रिजच्या ट्रकमध्ये किंवा वॉचमनच्या खोलीवर. 'चांगला आहे, घेऊन जा' म्हणत आपण तो कामवाल्या मावशींनाही देतो. भावना चांगली, पण आपल्या घरातला धोका आपण त्यांच्या डोक्यावर ठेवतोय! घातक कचऱ्यासाठी महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव इथे वेगळी केंद्रं आहेत. पण एकट्या फ्लॅटचे चार पत्रे तिथवर पोहोचवणं सोपं नाही. म्हणून विषय सोसायटीच्या मीटिंगमध्ये काढा. सगळ्यांचं काम एकाच वेळी करा आणि विल्हेवाटीबद्दल वॉर्ड ऑफिस आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी विचारा. कॉन्ट्रॅक्टरच्या कोटेशनमध्येही 'पत्रे कुठे नेणार' ही ओळ मागा.

नव्या शेडसाठी पर्याय भरपूर आहेत. रंगीत मेटल शीट, यूपीव्हीसी, अ‍ॅस्बेस्टॉसशिवायचे फायबर सिमेंट पत्रे आणि तुमची जागा तशी असेल तर आपली मंगलोरी कौलं. फक्त बिलावर 'नॉन-अ‍ॅस्बेस्टॉस' असं लिहून घ्या. थोडे पैसे जास्त जातील. पण टीव्ही युनिटच्या लाइट्सवर जेवढा वेळ घालवताय, त्यातला अर्धा तास या पत्र्याला द्या. घरी आलेले पाहुणे त्याचं कौतुक करणार नाहीत. फुप्फुसं मात्र नक्की थँक्यू म्हणतील!