चौकातले मत आणि त्याचा पडताळा

छत्रपती संभाजीनगरच्या शहागंजात दुपार कलली की हातगाड्यांभोवतीची गर्दी दाटू लागते. एका बाजूला निजामकालीन घड्याळाचा मनोरा, दुसरीकडे महात्मा गांधींचा पुतळा आणि मधल्या जागेत फळे, कपडे, चपला, भांडी यांचा बाजार. या बाजारातल्या चहाच्या टपरीवर अर्धा कप चहा संपेपर्यंत भारतीय क्रिकेट संघाची निवड होते, महापालिकेच्या पाण्याचा निकाल लागतो, मुलांच्या मोबाइलमधील गेमवर बंदी येते आणि युक्रेनचे युद्धही थांबवले जाते. बोलणारा निवड समितीवर नसतो, नगरसेवक नसतो आणि मुत्सद्दी तर नसतोच. तरीही मत ठाम असते. त्यावर एखादा समोरचा मध्येच विचारतो, ‘कशावरून?’ आणि मग खरी गंमत सुरू होते.

अशा मतांची थट्टा करणे सोपे आहे. परंतु शहरे अशाच बोलण्यावर चालत आली आहेत. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली तेव्हापासून या गावात दख्खनी, मराठी, फारसी अशा अनेक बोलींचा शेजार राहिला. बाजारात माल येई, त्याबरोबर वार्ताही येई. आज वार्ता मोबाइलवर येते. तिचा अर्थ मात्र अजूनही माणसे माणसांकडूनच लावून घेतात. पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील १९४० च्या अध्यक्षीय निवडणुकीचा अभ्यास करून १९४४ मध्ये हेच दाखवून दिले होते. वृत्तपत्र व रेडिओ यांचा परिणाम मतदारांवर थेट जेवढा होतो, त्याहून अधिक तो ओळखीतल्या जाणत्या माणसाच्या तोंडून होतो. प्रत्येक टपरीवर असा एखादा जाणता असतोच.

तेव्हा माणसांना मते का असतात, हा खरा प्रश्न नव्हे. कोणते मत कितपत भरवशाचे, हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर बऱ्याच अंशी एका साध्या गोष्टीवर ठरते : त्या मताचा पडताळा किती लवकर होतो?

क्रिकेट : उद्याच कळणारे मत

क्रिकेटवरील मत या बाबतीत सुदैवी आहे. सामना संपतो, धावफलक लागतो आणि कालचा जाणकार आज तोंडघशी पडतो. पण माणसाचे मन त्यातूनही पळवाट काढते. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबादेत विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाने नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण घेतले. भारताचा डाव २४० धावांत आटोपला आणि ट्रॅव्हिस हेडच्या १३७ धावांच्या जोरावर ऑस्ट्रेलियाने सहा गडी राखून सामना जिंकला. दुसऱ्या दिवशी ‘खेळपट्टी संथ आहे, हे मी आधीच सांगितले होते’ असे म्हणणाऱ्यांची देशात वाण नव्हती. सामन्याच्या सकाळी मात्र दहा सामने सलग जिंकून आलेल्या संघाच्या विजयाचीच चर्चा होती.

याला पश्चातबुद्धीचा भ्रम म्हणता येईल. बारूख फिशहॉफ व रूथ बाइथ यांचा याविषयीचा अभ्यास १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांच्या १९७२ मधील चीन व सोव्हिएत दौऱ्यांआधी त्यांनी विद्यार्थ्यांना विचारले होते की, कोणती घटना घडण्याची शक्यता किती वाटते. दौऱ्यांनंतर त्याच विद्यार्थ्यांना आपले जुने अंदाज आठवायला सांगितले, तेव्हा ज्या घटना घडल्या होत्या त्यांची शक्यता आपण अधिक धरली होती, असे अनेकांना मनापासून वाटू लागले. म्हणजे माणूस खोटे बोलत नसतो. त्याची आठवणच निकालाप्रमाणे वळते.

अर्थात, दर वेळी चौकच चुकतो आणि पंडितच बरोबर असतो, असेही नाही. ‘आज त्याचा हात बसला आहे’ असे प्रेक्षक म्हणतात. १९८५ मध्ये गिलोविच, व्हॅलोन आणि ट्वर्स्की या संशोधकांनी बास्केटबॉलच्या आकडेवारीवरून हा निव्वळ भास असल्याचे जाहीर केले, आणि तीसेक वर्षे प्रेक्षकांच्या भोळेपणाचा तो आवडता दाखला ठरला. पुढे मिलर व सान्हुर्हो यांनी २०१८ मध्ये त्या गणितातच एक सूक्ष्म चूक असल्याचे दाखवले. ती दुरुस्त केली असता हात बसण्याचा पुरावा त्याच आकड्यांत सापडू लागला. प्रेक्षक अगदीच भोळे नव्हते!

व्हिडिओ गेम : एका शब्दात तीन गोष्टी

‘गेममुळे पोरे बिघडली’ हे मत शहागंजातच काय, महाराष्ट्रातल्या कोणत्याही चौकात ऐकू येते. येथे पडताळा घरातच होतो, पण सावकाश. शिवाय ‘गेम’ या एका शब्दात तीन निरनिराळे प्रश्न मिसळलेले असतात.

पहिला प्रश्न देशाच्या सुरक्षेचा. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पबजी मोबाइलसह ११८ ॲपवर बंदी घातली, तेव्हा अनेक पालकांना ती मुलांच्या हितासाठी घातली असे वाटले. प्रत्यक्षात आदेशातील कारण देशाचे सार्वभौमत्व आणि माहितीची सुरक्षितता हे होते. दुसरा प्रश्न पैशांचा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला मात्र मान्यता दिली. तिसरा प्रश्न आरोग्याचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात २०१९ मध्ये ‘गेमिंग डिसऑर्डर’चा समावेश झाला आणि १ जानेवारी २०२२ पासून ते लागू झाले. पण त्यात किती तास खेळले याला महत्त्व नाही. खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळ वरचढ होणे, नुकसान दिसत असूनही तो चालूच राहणे आणि हे सर्व साधारणपणे बारा महिने टिकणे, ही त्याची लक्षणे आहेत.

दोन तास खेळून अभ्यासाला बसणारा मुलगा, उसने पैसे लावणारा तरुण आणि शाळाच सोडून दिलेला विद्यार्थी, या तिघांना एकाच मताने तोलले तर तिघांपैकी कोणालाच मदत होत नाही.

राजकारण : पाच वर्षांनी येणारा निकाल

राजकीय मताचा पडताळा पाच वर्षांतून एकदा होतो. औरंगाबाद लोकसभा मतदारसंघात २०१९ मध्ये एमआयएमचे इम्तियाज जलील यांनी चार वेळा खासदार राहिलेल्या शिवसेनेच्या चंद्रकांत खैरे यांचा अवघ्या ४,४९२ मतांनी पराभव केला. अपक्ष हर्षवर्धन जाधव यांना २ लाख ८३ हजारांहून अधिक मते पडली. २०२४ मध्ये शिवसेनेचे संदीपान भुमरे लाखाहून अधिक मताधिक्याने निवडून आले, जलील दुसऱ्या आणि ठाकरे गटाचे खैरे तिसऱ्या स्थानावर राहिले. इतक्या चुरशीच्या आणि उलटसुलट निकालांनंतर टपरीवरच्या भाकितांचा हिशेब कोणी ठेवला असता, तर बरेच जाणते नापास झाले असते.

याची दोन कारणे संभवतात. जर्मन अभ्यासक एलिझाबेथ नोएल-नॉयमन यांनी १९७४ मध्ये मांडले की, आपले मत अल्पसंख्य आहे असे वाटणारा माणूस गप्प बसतो; त्यामुळे मोठ्या आवाजाचे मत आहे त्याहून मोठे भासते. टपरीवर ऐकू येते ते सर्वांचे मत नव्हे, बोलणाऱ्यांचे मत असते. दुसरे कारण अनुकरणाचे. १९०६ मध्ये इंग्लंडच्या प्लिमथ येथील जत्रेत ७८७ जणांनी एका बैलाच्या मांसाचे वजन चिठ्ठीवर लिहून ओळखले. फ्रान्सिस गाल्टन यांनी त्यांतला मधला अंदाज काढला, तो १,२०७ पौंड निघाला. खरे वजन होते १,१९८. गर्दीचा अंदाज इतका अचूक आला, कारण प्रत्येकाने आपली चिठ्ठी स्वतंत्र लिहिली होती. टपरीवर मात्र पहिला बोलतो आणि बाकीचे त्याच्याच आकड्याभोवती फिरतात.

मोठ्या पंडितांची स्थिती फारशी निराळी नाही. फिलिप टेटलॉक यांनी सुमारे वीस वर्षे २८४ राजकीय तज्ज्ञांची भाकिते नोंदवून ठेवली आणि २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. सरासरी तज्ज्ञ योगायोगापेक्षा किंचितच सरस ठरले, आणि प्रसिद्धी जितकी अधिक तितकी अचूकता कमी आढळली. त्यातल्या त्यात बरे ठरले ते अनेक बाजूंनी विचार करणारे, ‘कदाचित’ म्हणणारे आणि चूक दिसताच मत बदलणारे.

जगाची वार्ता : पडताळाच नसलेले मत

दूरच्या देशाविषयीचे मत चुकले तरी बोलणाऱ्याचे काहीच जात नाही, म्हणून ते सर्वांत ठाम असते. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया बळकावल्यानंतर तीन अमेरिकी राज्यशास्त्रज्ञांनी २,०६६ अमेरिकी नागरिकांना जगाच्या नकाशावर युक्रेन दाखवायला सांगितले. सहापैकी साधारण एकालाच ते जमले. ज्यांचे बोट खऱ्या युक्रेनपासून जितके लांब पडले, तितका त्यांचा लष्करी हस्तक्षेपाला पाठिंबा अधिक होता. नकाशा अमेरिकेचा असो वा आपला, हा रोग एका देशाचा नाही.

शेजारची गल्ली : किंमत आधी, पडताळा नंतर

सर्वांत धोकादायक मत मात्र दूरच्या देशाविषयीचे नसते. ते शेजारच्या गल्लीविषयीचे असते. मे २०१८ मध्ये शहरात मोतीकारंजा भागातील वादातून उसळलेला हिंसाचार शहागंज, राजाबाजारपर्यंत पसरला. दोन जणांचा मृत्यू झाला, अनेक दुकाने आणि वाहने जळाली. अशा रात्री पलीकडच्या गल्लीत काय घडले, हे कोणालाच नीट ठाऊक नसते आणि जाणून घेण्याची निकड मात्र प्रत्येकाला असते. गॉर्डन ऑलपोर्ट व लिओ पोस्टमन यांनी १९४७ मध्ये सांगितले होते की, गोष्ट जितकी महत्त्वाची आणि जितकी संदिग्ध, तितकी तिची अफवा जोरकस. त्याच वर्षी, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारले. ती माणसे भटक्या समाजातील भिक्षेकरी होती. ‘ते चोर आहेत’ हे तिथेही एक मतच होते. त्याचा पडताळा झाला, पण पाच जीव गेल्यानंतर. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. जमावाच्या तोंडाला मात्र अशी मर्यादा कोणी घालू शकत नाही.

म्हणून चौकातील मतांना लगाम नको, पण त्यांची प्रतवारी हवी. क्रिकेटवर बेधडक बोलावे. उद्या सामना आहेच. मुलांच्या गेमविषयी बोलताना प्रश्न आरोग्याचा, पैशांचा की निव्वळ सवयीचा, हे आधी ठरवावे. निवडणुकीचे भाकीत केलेच तर ते तारखेसह लिहून ठेवावे, म्हणजे नंतरची आठवण फसवणार नाही. जगावर बोलण्याआधी नकाशा पाहावा. आणि शेजारच्या माणसाविषयी वाईट कानावर आले, तर ते पुढे सांगण्याआधी थांबून विचारावे, ‘कशावरून?’ चहाच्या टपरीवर हा प्रश्न गप्पांची रंगत वाढवतो. अवघड रात्री तो प्राणही वाचवू शकतो.