पाहिले

मागच्या महिन्यात एका दिवाळी अंकाच्या कार्यालयातून फोन आला. कथा मिळाली, आवडली, अमुक पानापासून लावतो आहोत, असे सगळे रीतसर बोलून झाले आणि मग पलीकडची तरुण उपसंपादिका किंचित घुटमळत म्हणाली, "सर, परिचयासोबत फोटो लागेल. जरा अलीकडचा पाठवाल का?"

"कथेबरोबर पाठवलाय की."

"हो, तो मिळाला. म्हणून तर म्हटलं..."

तिने वाक्य पुरे केले नाही. चांगल्या घरातली असावी.

तो फोटो २००३ सालचा. माझ्या दुसऱ्या कादंबरीच्या मलपृष्ठासाठी मुद्दाम स्टुडिओत जाऊन काढलेला. केस काळे, कपाळ आपली हद्द सांभाळून असलेले, आणि नजर दूर क्षितिजावर. क्षितिज म्हणजे समोरच्या भिंतीवरचे एका वाण्याचे कॅलेंडर होते, पण ते फोटोत येत नाही. तेव्हापासून आजतागायत मी हाच फोटो सर्वत्र पाठवत आलो. व्याख्यानमालांच्या पत्रिकांत तोच, फोनवरच्या त्या इवल्याशा वर्तुळातही तोच. एकदा एका गावी व्याख्यानाला गेलो, तर स्टँडवर घ्यायला आलेले कार्यकर्ते माझ्या शेजारून दोनदा गेले आणि तिसऱ्यांदा मलाच विचारू लागले, "काका, या गाडीतून एक लेखक उतरायचे होते, पाहिलेत का?"

खरे तर या बाबतीत मला कोणी शिकवायला नको. अडतीस वर्षे बँकेत काढली. 'अलीकडे काढलेला पासपोर्ट आकाराचा फोटो' ही अक्षरे छापलेले किती अर्ज या हातांखालून गेले असतील! जुना फोटो चिकटवून आणणाऱ्यांना मी निर्दयपणे परत पाठवले आहे. एका गृहस्थांनी तर लग्नाच्या फोटोतून आपले डोके कातरून आणले होते. कानाजवळ मुंडावळीची एक लड लोंबत राहिली होती. "हा चालायचा नाही," मी म्हणालो. "अहो, पण मीच आहे ना तो?" ते कळवळून म्हणाले. आज त्यांची क्षमा मागावीशी वाटते.

उपसंपादिकेचे म्हणणे मी घरात सांगितले. माझा जुना फोटो हातात घेऊन ही बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "या माणसाला मी ओळखते. चांगला होता बिचारा."

तेव्हा नवा फोटो काढणे आले. नातीने हे काम अंगावर घेतले. फोन हातभर अंतरावर धरून ती मला फर्मावू लागली, "आबा, हनुवटी खाली. आबा, दात नको. आबा, एवढं दुःखी का?" पंधरावीस फोटो झाले. सगळ्यांत एकच गोष्ट ठळक होती, ती म्हणजे नाक. माझे नाक इतके कर्तबगार आहे हे मला सहासष्टाव्या वर्षी कळले. पुढे वाचनात आले, की यात नाकाचा तितकासा दोष नाही. न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठाच्या एका शल्यविशारदाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये गणिताने दाखवून दिले, की बारा इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक पाच फुटांवरून काढलेल्या फोटोतल्यापेक्षा सुमारे तीस टक्क्यांनी रुंद दिसते. या फोटोंवर विश्वास ठेवून नाक कापून घ्यायला येणारी तरुण मंडळी पाहून त्यांनी हा हिशेब मांडला होता.

पण दोष फक्त नाकाचा नव्हता. त्या फोटोतला चेहराच मला उपरा वाटत होता. यालाही शास्त्र आहे. १९७७ साली अमेरिकेतल्या तिघा मानसशास्त्रज्ञांनी काही बायकांना त्यांचेच दोन फोटो दाखवले. एक सरळ, आणि दुसरा आरशात दिसतो तसा उलटा. बहुतेकींना स्वतःचा उलटा फोटो जास्त आवडला. त्यांच्या मैत्रिणींना मात्र सरळ. आपण जन्मभर स्वतःला आरशातच पाहतो आणि डावे-उजवे बदललेल्या त्या चेहऱ्यालाच 'मी' म्हणतो. जगाने पाहिलेला चेहरा वेगळाच असतो. म्हणजे माझा खरा चेहरा जर कोणी कधीच समोरासमोर पाहिला नसेल, तर तो मी! उलट आमच्या हिने तो चाळीस वर्षे पाहिला आहे आणि त्याविषयी तिची मतेही ठाम आहेत.

फोटो आणि 'मी' यांच्यातला हा घोळ मला पहिल्यांदा दाखवला तो माणदेशातल्या एका आजीने. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ जानेवारी १९९४ पासून नव्या खातेदारांचे फोटो घेणे बँकांना आवश्यक झाले. मी तेव्हा तिकडच्या एका लहान शाखेत होतो. आठवडी बाजाराच्या दिवशी एक फोटोवाला बँकेच्या ओसरीला निळा पडदा टांगून बसू लागला. खिळ्याला दोरीने बांधलेला एक कंगवा, तो सर्वांना सामाईक. शेळ्या विकून आलेले पैसे ठेवायला ही आजी आली होती. तिला पडद्यापुढे बसवले. पुढच्या बाजाराला ती फोटो न्यायला आली, हातात घेऊन न्याहाळत राहिली, आणि एकाएकी पदर डोक्यावर सारखा करत म्हणाली, "ही तर माजी आय हाय. माजा फोटू कुठाय?"

मी हसलो. काउंटरवरचे सगळेच हसले. आमचा शिपाई तेवढा हसला नाही. आजी गेल्यावर तो हळूच म्हणाला, "सायब, आरसा लागायचा तो कुकवापुरता. मालक जाऊन तीस वर्सं झाली तिचा. कशाला बघंल ती?"

तो फोटो नंतर मी खात्याच्या कार्डावर डिंकाने चिकटवला. असो.

आता आरशांची उणीव नाही. उलट खिशातच आरसा, आणि त्याच्या पलीकडून बघणारे पाचशे लोक. सेवानिवृत्तीनंतर भाच्याने मला फेसबुकवर खाते काढून दिले. या खात्यासाठी साक्षीदार लागला नाही. तिथला तो 'लाइक'चा अंगठा २००९ च्या फेब्रुवारीत आला. आधी म्हणे त्याचे नाव 'ऑसम' ठेवायचे घाटत होते. आम्हां बँकवाल्यांना अंगठ्याचे महत्त्व फार. अंगठा उठवणारा खरोखर तोच आहे, हे सांगायला ओळखीचा माणूस समोर उभा करावा लागे. इथे नुसते अंगठेच अंगठे, साक्षीला कोणी नाही.

माझ्या ताज्या कादंबरीचे मुखपृष्ठ मी तिथे लावले. तीनशे बारा अंगठे! शिवाय शेरे. 'वाचनीय.' 'अप्रतिम, सर.' 'तुमची लेखणी अशीच बहरत राहो.' त्या रात्री मी चारदा उठून फोन पाहिला. हिने विचारले, "पोटात दुखतंय का?" सकाळी माझ्या लक्षात आले, की पुस्तक अजून छापखान्यातच होते. सहा महिन्यांनी प्रकाशकाचे विवरणपत्र आले. खपलेल्या प्रती : त्रेचाळीस. मी जुन्या सवयीने ताळमेळ घालायला बसलो. तीनशे बारामधून त्रेचाळीस वजा जाता दोनशे एकोणसत्तर. ही रक्कम कोणत्या सदरात टाकायची हे अडतीस वर्षांच्या अनुभवाला सांगता येईना.

तुम्ही म्हणाल, या वयात माणसाने असल्या गोष्टींच्या पलीकडे गेलेले असावे. मलाही तसे वाटत असे. पण माणसाला वाटते त्याच्या निम्म्यानेही जग त्याच्याकडे पाहत नाही, हे पचवणे कोणत्याच वयात सोपे नसते. कॉर्नेल विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी २००० साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग फार गमतीचा आहे. एका विद्यार्थ्याला, घालायची लाज वाटेल असा, एका गायकाचे चित्र छापलेला शर्ट घालून ते इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवत. बाहेर आल्यावर त्याला विचारत, कितीजणांच्या लक्षात आले असेल? तो म्हणे, जवळजवळ निम्म्यांच्या. प्रत्यक्षात जेमतेम चौथा हिस्सा. मला हा प्रयोग २०२० च्या टाळेबंदीत घरबसल्या करायला मिळाला. कलप संपला, दुकाने बंद, आणि मी दोन महिन्यांत पांढराशुभ्र झालो. भाजी आणायला प्रथम बाहेर पडलो तेव्हा टोपी घालू की नको असा विचार करत होतो. भाजीवाला माझ्याकडे पाहून म्हणाला, "साहेब, सुट्टे आहेत का?"

आणि तरीही कोणीतरी पाहावे असे वाटतेच. फोनवर निरोप पाठवावा, त्याच्याखालच्या दोन खुणा निळ्या होतात का ते पाहत बसावे. निळ्या झाल्या म्हणजे पलीकडच्याने पाहिले. मग उत्तर का नाही? या निळ्या खुणा २०१४ च्या नोव्हेंबरात आल्या आणि तेव्हापासून किती संसारांत कुरबुरी झाल्या असतील, देव जाणे.

या खुणांवरून मला अण्णांची आठवण येते. अण्णा म्हणजे माझे वडील. प्राथमिक शाळेत शिक्षक होते. १९९८ साली माझी पहिली कादंबरी आली, तेव्हा निवृत्त होऊन दहा वर्षे झाली होती. मी पहिली प्रत त्यांच्या हातात ठेवली, पाया पडलो. त्यांनी कव्हर घातले. जुन्या वर्तमानपत्राचे. मग रोज दुपारी चष्मा नाकावर ओढून, शिसपेन्सील घेऊन ते वाचायला बसत. अकरा दिवसांनी पुस्तक माझ्या टेबलावर आले. ऱ्हस्व-दीर्घाच्या एकेचाळीस चुका अधोरेखित केल्या होत्या. सत्त्याऐंशीव्या पानावर माझ्या कादंबरीतला सावकार पाच हजारांवर अठरा टक्क्यांनी तीन वर्षांचे सरळ व्याज चोवीसशे रुपये मागतो. समासात अण्णांनी गुणाकार करून सत्तावीसशे लिहिले होते आणि पुढे, 'तू बँकेत आहेस ना?' शेवटच्या पानावर, शाळेच्या वहीवर लिहीत तसे, 'पाहिले'. खाली सही आणि तारीख.

बस्स. चांगले नाही, वाईट नाही. मला इतका राग आला, की त्या पुस्तकाविषयी मी त्यांच्याशी एक अक्षर बोललो नाही. त्यांनीही विचारले नाही. दुसरी कादंबरी आली तेव्हा मी प्रत त्यांच्या हातात न देता नुसती कपाटात ठेवली. तिला त्यांनी हात लावला नाही. दिल्याशिवाय घ्यायचे नाही, हा त्यांचा स्वभाव. २००६ मध्ये ते गेले. त्या प्रतीत पेन्सिलीची एकही खूण नाही. मी नंतर एकेक पान उलटून बघितली आहे.

परवा फोटोचे काम काही जमेना, तेव्हा मी तो नाद सोडून कपाट आवरायला घेतले. पहिल्या कादंबरीची ती प्रत हाती लागली. वर्तमानपत्राचे कव्हर पिवळे पडून घडीवर फाटले होते. खिडकीशी बसून मी चाळू लागलो. पेन्सील अजून स्पष्ट होती. काही चुका दुसऱ्या आवृत्तीतही तशाच राहिल्या आहेत हे ध्यानात आले, म्हणून मीही पेन्सील घेतली. व्याजाचा गुणाकार पुन्हा करून पाहिला. सत्तावीसशेच.

हिने कधी फोन उचलला आणि कधी फोटो काढला, कळलेही नाही. "हा बघा," म्हणून तिने तो माझ्यापुढे धरला. खाली वाकलेले डोके, विरळ पांढरे केस, नाकावर घसरलेला चष्मा, बोटांत पेन्सील.

मी म्हणालो, "हे तर अण्णा आहेत. माझा फोटो कुठाय?"

ती काही बोलली नाही. फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि तिनेच तो फोटो उपसंपादिकेला पाठवून दिला. अर्ध्या तासाने उत्तर आले. 'मिळाला, सर.' आणि पुढे एक अंगठा.