नान-खलिया खायला निघालात? भाड्याच्या गाडीची नंबर प्लेट आधी बघा

चार मित्र, रविवारची सुट्टी आणि नान-खलियाचं एक रील. बेत ठरायला एवढं पुरतं. प्रश्न उरतो गाडीचा. मग कुणीतरी म्हणतं, "ओळखीतला एक जण दिवसाच्या भाड्यानं गाडी देतो. डिझेल आपलं, चालवायची आपण."

लोणार तालुक्यातल्या सुलतानपूरहून बीबी, दुसरबीड, सिंदखेडराजा, जालना असं करत छत्रपती संभाजीनगर गाठता येतं. एका दिवसात जाऊन, खाऊन परत येता येईल असा हा प्रवास. पण ही 'ओळखीतली गाडी' अनेकदा पांढऱ्या नंबर प्लेटची असते आणि खरी अडचण तिथेच आहे.

प्लेटचा रंग काय सांगतो?

पेट्रोल-डिझेल गाड्यांचा हिशेब सोपा आहे. पांढऱ्या प्लेटवर काळी अक्षरं म्हणजे खासगी गाडी. पिवळ्या प्लेटवर काळी अक्षरं म्हणजे ड्रायव्हरसह भाड्याने मिळणारी टॅक्सी. काळ्या प्लेटवर पिवळी अक्षरं म्हणजे भाड्याने घेऊन स्वतः चालवायची, अर्थात सेल्फ ड्राइव्हची गाडी. सेल्फ ड्राइव्हसाठी 1989 ची 'रेंट अ कॅब' योजना आहे आणि त्यासाठी परवाना लागतो.

पांढऱ्या प्लेटची गाडी घेतली तर काय होतं?

खासगी गाडीच्या विमा पॉलिसीत गाडी भाड्याने देऊ नये, अशी अट असते. अपघात झाला आणि गाडी भाड्याने दिल्याचं समोर आलं, तर विमा कंपनी गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारू शकते. मग दुरुस्तीच्या खर्चावरून मालक आणि तुम्ही समोरासमोर येता. ओळखही जाते आणि पैसेही.

दुसरा मुद्दा कायद्याचा. परमिट नसताना गाडी भाड्याच्या धंद्यासाठी वापरली, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 192-अ नुसार पहिल्या गुन्ह्याला 10,000 रुपये दंड आणि 6 महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. हे कलम गाडी वापरायला देणाऱ्याइतकंच चालवणाऱ्यालाही लागू होतं.

त्यामुळे काळ्या प्लेटची गाडी मिळत नसेल, तर पिवळ्या प्लेटची गाडी ड्रायव्हरसह सांगणं हा सरळ मार्ग. चौघांत भाडं वाटलं की फार जड जात नाही.

एवढा खटाटोप कशासाठी?

कारण या शहराच्या ताटात बराच इतिहास आहे. 1610 च्या सुमारास मलिक अंबरने 'खडकी' या नावाने हे शहर वसवलं. तो मूळचा आफ्रिकेतल्या इथिओपियाचा. पुढे मुघल आले, मग निजामाची राजवट आली, ती 1948 पर्यंत टिकली. प्रत्येकाने आपली चूल मागे ठेवली.

नान-खलियाची गोष्ट त्याहूनही जुनी सांगितली जाते. चौदाव्या शतकात मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली. त्याच्या लष्करासोबत हा पदार्थ आला, अशी आख्यायिका आहे. तंदूरमध्ये भाजलेले मोठे नान आणि मोठ्या देगमध्ये शिजणारा मांसाचा रस्सा, म्हणजे एका वेळी शेकडो माणसांना पुरेल असं जेवण. आजही शहरातल्या मुस्लिम लग्नांत हा बेत असतो.

त्याच शहरात गुलमंडीवर गरम इमरती मिळते. ज्वारीची भाकरी, ठेचा आणि पिठल्याचं मराठवाडी जेवण मिळतं. जेवण झालं की उस्मानपुऱ्यातल्या तारा पान सेंटरकडे पावलं वळतात. सीताफळांच्या हंगामात दौलताबादच्या रस्त्यावर टोपल्या मांडलेल्या दिसतात. या सगळ्या ठिकाणांमध्ये अंतर आहे, म्हणून गाडी उपयोगी पडते. मात्र शहागंज, गुलमंडी भागातल्या गल्ल्या अरुंद आहेत. तिथे गाडी लांब लावून रिक्षा करा किंवा पायी फिरा.

चावी हातात घेण्याआधी

- आरसी, विमा, पीयूसी आणि परमिट तपासा. नंबर टाकून जुने ई-चलान आहेत का, तेही बघा.
- गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढा. आधीचा ओरखडा तुमच्या नावावर लागणार नाही.
- किलोमीटरची मर्यादा किती, फास्टॅगचे पैसे कोणाचे, डिपॉझिट कधी परत मिळणार, हे मेसेजवर लिहून घ्या.
- करारात ज्याचं नाव आहे, त्यानेच गाडी चालवा.

परतताना समृद्धी महामार्ग धरला, तर सपाट भागात कारची वेगमर्यादा ताशी 120 किलोमीटर आहे. पोटभर जेवण आणि सरळ रस्ता असला की डोळा लागायला वेळ लागत नाही. शेवटचं पान खाल्ल्यावर गाडी कोण चालवणार, हे सुलतानपुरातून निघतानाच ठरवा. आणि त्या माणसाला गाडी सुरू करण्याआधी तासभर झोपू द्या.