नाडी न पाहता रुग्णसेवा

वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत पुरेसे गुण न मिळालेल्या मुलाच्या घरी जी मसलत बसते, तिच्यात दंतवैद्यक, आयुर्वेद, औषधनिर्माणशास्त्र अशी उतरती भांजणी आधीच ठरलेली असते. आणि रुग्णालयात ज्यांच्या गळ्यात स्टेथोस्कोप नाही किंवा अंगावर परिचारिकेचा गणवेश नाही, ती सारी माणसे कारकून असावीत, असे वडीलधारी मंडळी खुशाल गृहीत धरतात. या समजुतीमुळे काही फार मोलाच्या व्यवसायांकडे कोणाचे लक्षच जात नाही.

आपल्या सरकारी रुग्णालयांतील ‘समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)’ हा हुद्दा पाहा. या कामाचे मूळ लंडनमध्ये सापडते. १८९५ साली तेथील रॉयल फ्री रुग्णालयात मेरी स्टुअर्ट यांची नेमणूक झाली, ती मुख्यतः मोफत उपचारांस खरोखर पात्र कोण याची छाननी करण्यासाठी. परंतु रोग्याची घरची हकीकत विचारू लागले, म्हणजे त्याच्या दुखण्याची बरीचशी मुळे तिच्यातच सापडतात, असा अनुभव येऊन या कामाचा पैस पुढे वाढत गेला. मुंबईत १९३६ साली समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था टाटांच्या विश्वस्तनिधीतून उभी राहिली आणि दहा वर्षांनी, १९४६ मध्ये, जे. जे. रुग्णालयात देशातील पहिली वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली.

हे काम कसे चालते? क्षयाच्या गोळ्या मध्येच सोडून पुन्हा खोकत आलेल्या शेतमजुराला डॉक्टर रागे भरतात, आणि तो मान खाली घालून ऐकून घेतो. मग समाजसेविकेच्या टेबलाशी ती विचारते, “काका, गोळ्या आणायला कोण जातं?” “मीच जातो ताई. पण दवाखान्याच्या दिवशी रोज बुडतो.” एवढ्या एका वाक्यात रोगनिदानाइतकेच महत्त्वाचे दुसरे निदान होऊन जाते, आणि गोळ्या गावातच आशाताईंकडून मिळण्याची तजवीज केली, की उपचार मार्गी लागतो. दाखले, शिधापत्रिकेत एक नाव तर आधारपत्रावर दुसरे, फुले जनआरोग्य योजनेची पूर्वमंजुरी, धर्मादाय रुग्णालयांतील निर्धन व दुर्बल घटकांसाठी प्रत्येकी दहा टक्के राखीव खाटा, हा सारा दफ्तरी गुंता तिला सोडवावा लागतोच. पण तो सोडवताना समोरच्याला आपण याचक आहोत असे वाटू न देणे, ही यातील खरी विद्या, आणि ती कोणत्याही शासन निर्णयात छापलेली नसते.

याहून कठीण जागा अवयव प्रत्यारोपण समन्वयकाची. १९९४ च्या कायद्यात २०११ साली दुरुस्ती होऊन प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयांत हे पद अनिवार्य झाले. मेंदूमृत्यू निश्चित करण्यासाठी चार वैद्यांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करते. आणि ज्याची छाती यंत्राच्या आधाराने अजून वरखाली होत आहे, तो आपला मुलगा गेलेला आहे, हे आईबापांच्या गळी उतरल्यावाचून दानाचा शब्दही काढता येत नाही. संमती मिळाल्यावर विभागीय समन्वय समितीला कळवणे, कागदपत्रे, रुग्णवाहिका, पोलिसांची परवानगी, हे सर्व एका रात्रीत उरकायचे असते. नकार मिळाला, तरी आवाजात तसूभर फरक पडता कामा नये. या पदासाठी डॉक्टर असणे आवश्यक नाही. समाजकार्य वा समाजशास्त्राचे पदवीधरही ते सांभाळतात.

अभिलेख विभागाचा स्वभाव निराळा. तेथे माणसांऐवजी केसपेपर बोलतात. सर्पदंशाला टी ६३.० असा संकेतांक देणारी जी आंतरराष्ट्रीय वर्गवारी तेथे वापरतात, तिचे मूळ झाक बर्तियों यांनी १८९३ साली मांडलेल्या मृत्युकारणांच्या यादीत आहे. एकलकोंड्या पण काटेकोर वृत्तीच्या माणसाला हे काम मानवते. रुग्णालय व्यवस्थापन आणि जैववैद्यकीय अभियांत्रिकी यांची जाहिरात पुरेशी होत असल्याने त्यांची शिफारस येथे करीत नाही.

मात्र पगाराची बाब झाकून ठेवण्यात अर्थ नाही. यातील बऱ्याच जागा कंत्राटी असतात, बढतीच्या पायऱ्या थोड्या, आणि रुग्णालयाच्या उतरंडीत डॉक्टरांपुढे आपले म्हणणे मांडण्यास काही काळ धैर्य एकवटावे लागते. म्हणून समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात जे क्षेत्रकार्य सक्तीचे असते, ते शक्यतो सरकारी रुग्णालयातच मागून घ्यावे. तेथील वऱ्हांड्यात पहिला महिना काढल्यावरही सकाळी पुन्हा तेथेच जावेसे वाटले, तर पुढचा अर्ज करण्यास हरकत नाही.